वीस आकड्यांची ड्युटी

लोणावळ्यात भुशीच्या रस्त्याला बंगल्यांची एक कॉलनी आहे. तिच्या फाटकावर सखारामने अठ्ठावीस वर्षं काढली, आणि त्या अठ्ठावीस वर्षांत त्याला न विचारता आत शिरलं ते फक्त धुकं. त्याचीही बोच त्याला निवृत्त होईपर्यंत होती.

सात नंबरच्या बंगलेवाल्याने एकदा मिशा काढल्या, तर सखारामने त्याला त्याच्याच फाटकाबाहेर तासभर उभा केला. ओळख पटवायला बायकोला बोलावलं, तर तिनेही दोनदा निरखून बघितलं आणि मग मान हलवली. माकडांचाही हिशोब असाच. कॉलनीतली सात माकडं सकाळी धरणाकडे गेली, पर्यटकांच्या हातातली कणसं ओरबाडायला, की संध्याकाळी सातच आत. एकदा आठ आली. सखारामने परकं माकड बरोबर हेरून भिंतीवरच अडवलं. ते बिचारं दोन दिवस तिथेच बसलं आणि मग खंडाळ्याच्या बाजूला बदली घेऊन गेलं, असं लोक सांगतात. लोक म्हणजे सखाराम.

त्याचा कायदा एकच. आतलं माणूस बाहेर गेलं तर त्याला परत यायला वाट. बाहेरच्याला वाट तेव्हाच, जेव्हा आतल्या कोणी आधी सांगून ठेवलंय. पण सांगितलेलं सखारामच्या डोक्यात राहायचं ते अर्धी बिडी संपेपर्यंत. तीन नंबरला स्वयंपाकाला असलेल्या सरूबाईला हे ठाऊक होतं. तिचा इस्त्रीवाला यायचा असला की ती थोड्या थोड्या वेळाने खिडकीतून ओरडायची, "सखाराम, माझा इस्त्रीवाला यायचाय रे!"

"हाये ध्येनात!"

पुन्हा थोड्या वेळाने, "सखाराम, इस्त्रीवाला!"

"अगं हाये म्हनलं ना!"

ज्या दिवशी सरूबाई ओरडायची विसरायची, त्या दिवशी इस्त्रीवाला कपड्यांसकट परत.

निवृत्तीनंतर सखाराम वडगावच्या पलीकडे, टेकडीच्या पोटाशी असलेल्या आपल्या गावी येऊन राहिला. घरात बायको भामाबाई, तळेगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा प्रदीप, सून प्रतीक्षा आणि दहा महिन्यांची नात यशोधरा. फाटक नव्हतं. पुढे नुसतं अंगण, आणि अंगणाच्या कडेला शेजारच्या भिमाजीच्या कोंबड्या. सखाराम त्यांच्यावर लक्ष ठेवून असायचा, पण त्यात मन रमत नव्हतं.

मग गेल्या महिन्यात घरात वायफायचा डबा आला.

डबा आला प्रतीक्षाच्या नोकरीसाठी. ती पुण्याच्या एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होती. पुण्यापासून तळेगावपर्यंत या कंपनीच्या लिफ्टी, आणि प्रत्येक लिफ्टीत एक नंबर चिकटवलेला. माणूस अडकला की नंबर फिरवणार, फोन प्रतीक्षासारख्या मुलींपैकी एकीला लागणार, आणि ती त्याला धीर देत देत जवळच्या कारागिराला पाठवणार. बाळंतपणाची रजा संपल्यावर तिने घरून काम मागितलं, कारण लेकरू अजून अंगावर पीत होतं आणि पुण्याला जाऊन-येऊन दिवसाचे पाच तास मोडत होते. कंपनी एक महिना बघू म्हणाली. लॅपटॉप दिला, कानाला लावायचा हेडफोन दिला. फोन त्या लॅपटॉपातच. त्याला ना तार, ना सिमकार्ड. येतो-जातो तो सगळा इंटरनेटवरून. साध्या मोबाइलला त्या गावात रेंज मिळते ती उंबऱ्यात उभं राहिलं तर, म्हणून डब्याशिवाय इलाज नव्हता.

लिफ्टवाल्यांना धीर देणारी बाई अशा गावात बसणार होती, जिथे दुमजली घर एकच. तेही भिमाजीचं, आणि त्यालाही जिना बाहेरून.

डबा बसवायला इंटरनेटवाला आला त्या दिवशी प्रतीक्षा आत यशोधराला पाजत होती. ओट्यावर भिमाजी तंबाखू मळत बसला होता. तार भिंतीतून आत गेली, डब्याचे हिरवे दिवे लागले, आणि इंटरनेटवाल्याने आपल्या मोबाइलवर बोट फिरवत सहज विचारलं, "आबा, ह्याची सुरक्षा किती ठेवू? कमी, मध्यम का कडक?"

अठ्ठावीस वर्षं फाटकावर काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायला नको होता.

"कडक," सखाराम म्हणाला.

"सगळे मध्यम ठेवतात."

"सगळ्यांच्या दारात कोन अठ्ठावीस वर्सं हुबं ऱ्हायलं हुतं? कडक ठेव."

भिमाजी हसला. "का रं, चोर आता तारंतनं सरपटत येनार व्हय?"

"चोर कुटनंबी येतो. तुझ्या कोंबड्या येत्यात तसा."

इंटरनेटवाल्याने कडक केलं, पासवर्ड आपल्या डायरीत लिहिला, चहा घेतला आणि गेला. ही गोष्ट सखारामने घरात कोणाला सांगितली नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? फाटकाला कुलूप आहे हे कोणी सांगत बसतं का?

सोमवारी प्रतीक्षा कामाला बसली. हेडफोन लावला, समोर वही ठेवली, तुळतुळीत पुणेरी आवाजात "नमस्कार, मी प्रतीक्षा बोलतेय, आपण सुखरूप आहात ना?" असं दोनदा म्हणून बघितलं. भामाबाई कौतुकाने म्हणाली, "बया, आवाज तर दूधवाल्या गाईवानी मऊ काढलाय."

फोन वाजेना.

एक तास झाला. मग एक वाजला, प्रतीक्षा बोलली, एका बाईला वाकडच्या लिफ्टीतून सोडवलं. फोन ठेवला तोच दुसरा वाजला, तोही घेतला. मग पुन्हा सामसूम. दुपारी कंपनीतून निरोप आला की तुम्हाला आज सोळा कॉल पाठवले, तुम्ही घेतले पाच. उरलेले अकरा प्रत्येकी पंधरा सेकंद वाजून दुसऱ्यांकडे गेले.

"वाजलेच नाहीत हो मॅडम," प्रतीक्षा उंबऱ्यात उभी राहून मोबाइलवर सांगत होती. पलीकडे तिची वरिष्ठ, राजेश्वरी.

"आमच्याकडे तर वाजताना दिसतायत."

"पण मी जागची हलले नाही. मी इथून कुणालाही फोन केला की लगेच लागतो, आवाज दोन्हीकडून स्वच्छ. येणारेच येत नाहीत."

"प्रतीक्षा, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला पंधरा सेकंद म्हणजे काय असतात, तुला माहीत आहे."

मंगळवारी तेच. ओट्यावरून भिमाजी विचारायचा, "काय सखाराम, सुनंचा फोन वरडला का? माझा कोंबडा सकाळधरनं चारदा वरडला."

"कंपनीनं फुटकं यंत्र दिलंय," सखाराम म्हणायचा. दोन दिवस तो हेच म्हणत होता. लॅपटॉप फुटका, हेडफोन फुटका, पुण्याची माणसं फुटकी. डब्याला मात्र तो काही बोलला नाही. डब्याचे दिवे चोख लागत होते.

बुधवारी राजेश्वरीने निकाल दिला. रागावून नाही, सरळ. "शुक्रवारी नऊ ते सहा एकही कॉल चुकला नाही, तर तुझं घरून काम पक्कं करते. चुकला तर सोमवारपासून ऑफिसला यावं लागेल. माझ्याही वरती माणसं आहेत गं."

प्रतीक्षाने मोबाइल खाली ठेवला आणि यशोधराला मांडीवर घेतलं. सोमवारपासून ऑफिस याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. ती जाणार नव्हती, नोकरी जाणार होती.

सखारामला बसवेना. फाटकावर काही चुकलं की तो एकच गोष्ट करायचा, रजिस्टर बघायचा. त्याने यशोधराच्या लशीच्या कागदांखालून एक कोरी वही काढली, रेघा मारल्या, आणि सुनेशेजारी पाट टाकून बसला. फोन किती वाजता वाजला, किती वाजता ठेवला. आणि कंपनीकडून प्रतीक्षा चुकलेल्या कॉलांच्या वेळा मागून घ्यायची, त्या लाल पेनाने.

"आबा, कशाला?" ती म्हणाली.

"आलं-गेलं लिवलं म्हंजी चोर आपुआप दिसतो."

गुरुवारी दुपारी कंपनीचा तांत्रिक माणूस, सत्यम, बोलायला मोकळा झाला. प्रतीक्षाने मोबाइल उंबऱ्यावर ठेवून स्पीकर लावला. सत्यमने हे तपासा, ते तपासा केलं, सगळं ठीक निघालं.

"साहेब," सखाराम मध्येच म्हणाला, "मी लिवलंय. बोलू का?"

"कोण?"

"आमचे आबा आहेत," प्रतीक्षा ओशाळून म्हणाली.

"फोन खाली ठेवला अकरा चाळीसला. लगी दुसरा आला, त्यो वाजला. त्यो ठेवला अकरा सत्तेचाळीसला, मंग गप. बारा सोळाला तुमी धाडला, त्यो वाजला न्हाई. कालबी तसंच. एकाच्या पाठीला पाठ लावून येनारा वाजतो. गपगार झाल्यावर येनारा दारातच मरतो. मधूनच एखादा वाजतो, त्याचं काय मला उमगलं न्हाई."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग सत्यम म्हणाला, "आबा, तुम्ही आधी काय करत होता?"

"पहारा."

"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे. प्रत्येक घरच्या डब्यात एक पहारेकरी असतो. फायरवॉल म्हणतात त्याला."

सखाराम ताठ बसला. "ड्युटी किती तासांची?"

"चोवीस तास."

"बदली?"

"बदली नाही."

"अरारा."

"आतून कोणी बाहेर गेलं की तो लक्षात ठेवतो, आणि त्याचं उत्तर आलं तर आत सोडतो. बाहेरून कोणी आपणहून आलं की परत लावतो."

"बराबर करतो."

"बरोबरच. आता अडचण अशी, की कॉल हा बाहेरून आपणहून येणारा पाहुणा. म्हणून आपला लॅपटॉपातला फोन दर चार मिनिटांनी आतून कंपनीला हजेरी देतो. मी इथे आहे, असं सांगतो. त्या हजेरीपायी पहारेकरी वाट उघडी ठेवतो, आणि पाहुणा त्याच वाटेने आत येतो."

"आन पहारेकऱ्याला मधीच इसर पडला तर?"

"तर कॉल दारात मरतो, तुम्ही म्हणालात तसा. पुढच्या हजेरीपर्यंत. पण साधारण डबे पाच मिनिटं तरी लक्षात ठेवतात, आणि हजेरी चार मिनिटांनी जाते, म्हणून कुणाचंच अडत नाही. तुमचा डबाही तसाच असणार. त्यामुळे मला वाटतं दोष लॅपटॉपचा आहे. तो उद्या सकाळी पाठवून द्या. मंगळवार-बुधवारपर्यंत बघून देतो."

"उद्या शुक्रवार आहे," प्रतीक्षा हळूच म्हणाली.

"हो, पण माझ्याकडे दुसरा उपाय नाही."

सखाराम डब्याकडे बघत होता. हिरवे दिवे लुकलुकत होते, इमानदार, कोणाचीही भीड न धरणारे. अठ्ठावीस वर्षांत त्याला असा जोडीदार मिळाला नव्हता. आणि हा जोडीदार अर्धी बिडी संपायच्या आत सगळं विसरत होता, हे त्याच्याखेरीज कोणाला माहीत असणार?

"मगाधरनं मिशी काय चावताय?" भामाबाई म्हणाली.

"काय न्हाई."

"काय न्हाई तर मिशी सोडा."

सखारामने मिशी सोडली. "साहेब, लॅपटॉप ऱ्हाऊ द्या. त्यो डबा साधारन न्हाई. कडक हाये."

"कडक? तसा असेल तर तो अर्ध्या मिनिटात विसरतो. म्हणजे सगळं जुळलं, हजेरीपाठोपाठच्या त्या अर्ध्या मिनिटात येणारा तेवढा वाजतो. पण कडक कोणी केला?"

उंबऱ्यात यशोधराच तेवढी काहीतरी बोलत होती.

"ड्युटीवर मी हुतो," सखाराम म्हणाला.

प्रतीक्षा त्याच्याकडे बघत राहिली. दोन दिवस ज्या यंत्राला फुटकं म्हटलं, ते तिच्या मांडीवर होतं. तिने ते उचलून बाजूला ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं, असं सखारामला वाटलं. भामाबाईने ती कसर लगेच भरून काढली. "माकडं आडवून भागलं न्हाई, आता सुनंची भाकर आडवली व्हय?"

इंटरनेटवाल्याला फोन लावला. तो शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांच्या सरबराईत होता, पुढे त्यांना घेऊन नाशिकला निघायचा होता. पासवर्डाची डायरी कपाटात, कपाटाची किल्ली बायकोकडे, बायको माहेरी. सोमवारी येतो म्हणाला.

"दार कडक करून किल्ली घेऊन गेला," सखाराम म्हणाला.

"करायला कोणी सांगितलं?" इतकंच प्रतीक्षा म्हणाली.

सत्यमने दुसरी वाट काढली. पहारेकरी विसराळू आहे तर आतल्याने जास्त वेळा ओरडायचं. फोनची हजेरी चार मिनिटांऐवजी वीस सेकंदांची करायची. पण ते बदलायचं कंपनीच्या बाजूने, आणि त्याला ज्याची सही लागते तो साहेब शुक्रवारी तीनच्या पुढे कामावर येणार होता.

"म्हणजे नऊ ते तीन काय?" प्रतीक्षाने विचारलं.

"स्क्रीनवर कोपऱ्यात गोल बाणाचं बटण आहे. ते दाबलं की फोन ताबडतोब हजेरी देतो. दर वीस सेकंदाला दाबत राहिलं तर वाट उघडी राहील. बोलणं चालू असताना दाबायची गरज नाही, तेव्हा सतत ये-जा असते. पण नुसतं बसून सहा तास दाबणार कोण?"

सखारामला सरूबाई आठवत होती. खिडकीतून ओरडणारी. त्या वेळी त्याला वाटायचं, बाईला दुसरा उद्योग नाही.

"मी," तो म्हणाला.

शुक्रवारी पावणेनऊला सखाराम जुना खाकी सदरा घालून पाटावर बसला. प्रदीपने पहिल्या पाळीला जाण्याआधी लॅपटॉपला जादाचा माउस जोडून दिला होता. प्रतीक्षा एका बाजूला हेडफोन लावून, वही पेन घेऊन. भामाबाई यशोधराला घेऊन उंबऱ्यात.

अंगणातून भिमाजी आणि त्याची बायको कस्तुराबाई निघाले होते. कस्तुराबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आज तळेगावच्या दवाखान्यात डोळा दाखवायचा होता.

"काय रं, खाकीत? परत भरती झाला का काय?"

"आजच्या दिसाची ड्युटी हाये."

"कसली?"

"वीस मोजायचं आन बटन दाबायचं."

भिमाजीने बायकोकडे बघितलं. "बघ, म्हाताऱ्यानं अठ्ठावीस वर्सं काय शिकलं ते. वीसपोतूर आकडं." आणि हसत एसटीला गेला.

नऊ वाजले. एक, दोन, तीन, चार. वीस, टक. एक, दोन, तीन. वीस, टक. पहिला फोन नऊ चौदाला वाजला. प्रतीक्षाने घेतला, तेव्हा तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. सखारामने वहीत काळ्या पेनाने लिहिलं. दुसरा नऊ एकतीसला. मध्ये सतरा मिनिटं सामसूम, तरी वाजला. सखारामने तो आकडा दोनदा गिरवला.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. माणूस वीस मोजायला लागला की तेराच्या आसपास त्याला सगळा जन्म आठवतो. सखारामला सात नंबरच्या मालकाची मिशी आठवली, पण त्याने सोळावर तिला सोडून दिलं. दहाला त्याचं बोट आखडलं. साडेदहाला चहा आला आणि समोरच गार झाला. अकराला मात्र निसर्गाच्या पुढे कायदा चालेना, तेव्हा त्याने भामाबाईला चार्ज दिला.

"वीस. एकोनीस न्हाई, एकवीस न्हाई."

"मला शिकवू नका. भाकरीला चटका किती द्यायचा ते कोन मोजतं घरात?"

ती बसली. एक, दोन, तीन. परत येताना सखारामने परसदारातूनच ऐकलं, "...अकरा, बारा, ह्यो माउस म्हनत्यात व्हय याला, उंदरावानी दिसत तर न्हाई..."

"भामे, बटन!"

ती दचकली, टक. सव्वीस झाले होते. सखाराम धापा टाकत पाटावर बसला. सव्वीस म्हणजे तीसच्या आत. वाट उघडी होती. पण त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा चार्ज कोणाला दिला नाही, आणि पाणीही प्यायला नाही.

अकरा बावन्नला फोन वाजला.

"नमस्कार, मी प्रतीक्षा बोलतेय, आपण सुखरूप आहात ना?"

हेडफोनमधून इतका मोठा आवाज आला की सखारामलाही ऐकू गेला. "आगं प्रतीक्षा? तू हितं लिफ्टीत कुटं बसलीयास?"

प्रतीक्षाने डोळे मिटले, पण आवाज मऊच ठेवला. "भिमाजी भाऊ, मी घरीच आहे. लिफ्टीत तुम्ही आहात. कुठली लिफ्ट? दवाखान्याची?"

"दवाखान्याची! दोन अन तीनच्या मधी हुबी ऱ्हायलीय. मी म्हनलं जिन्यानं जाऊ, तर कस्तुरा म्हनली डोळ्याला पट्टी हाये, पायऱ्या दिसत न्हाईत. आता बघ! गुदमरतोय मी. पोरी, वारं संपलं हितलं!"

"वारं संपत नाही भाऊ. वर जाळी आहे, तिकडे बघा. दिसली का?"

"दिसली."

"त्यातून वारा येतो. मावशी कशा आहेत?"

"ती बसलीय खाली. पेरू खातीय."

"मग तुम्हीही बसा. दार ओढायचं नाही, बटणं दाबायची नाहीत. मी कारागिराला निरोप दिलाय, तो तळेगावातच आहे, दहा मिनिटांत येतो. तोवर मी फोन ठेवणार नाही."

"ठेवू नगंस! तुझ्या सासऱ्याला सांग, म्हनावं एखादं दार उघडूनबी बघ कवातरी. जलमभर लावतच आलाय."

सखाराम ऐकत होता आणि मोजत होता. बोलणं चालू असताना दाबायची गरज नाही, असं सत्यम म्हणाला होता. सखारामने तरीही दाबलं. भिमाजी आत होता.

"भाऊ, तुमच्या घराला पायऱ्या किती?" प्रतीक्षाने विचारलं.

"आं? जिन्याला? सतरा."

"सतरा नाहीत, सोळा."

"सतरा हायेत! मी सोता बांधल्यात. हां, खालची एक मातीत गेलीया, ती तू धरली न्हाईस."

पायऱ्यांवरून भिमाजी इतका भांडला की वारं संपल्याचं विसरला. नवव्या मिनिटाला खडखडाट झाला, कोणाचा तरी आवाज आला, आणि कस्तुराबाई लांबून म्हणाली, "उघडलं बघा. चला, पेरू संपला."

दुपारी एकला राजेश्वरीचा फोन. तो प्रतीक्षाने उंबऱ्यात जाऊन मोबाइलवर घेतला, सखाराम पाटावरून हलला नाही.

"तो दवाखान्याचा कॉल मी ऐकला," राजेश्वरी म्हणाली. "कॉल रेकॉर्ड होतात ना. तू त्याला पायऱ्यांवरून भांडायला लावलंस?"

"भांडताना त्यांना भीती वाटत नाही. आमचे शेजारी आहेत."

"आणि पाठीमागून सारखं टक टक काय वाजतंय?"

प्रतीक्षाने आत बघितलं. खाकी सदरा, ताठ पाठ, ओठ हलतायत. सत्तर वर्षांचा माणूस सुनेच्या नोकरीसाठी वीस-वीस मोजत होता, आणि चुकून एकोणीस होऊ नये म्हणून श्वासही बेताने घेत होता.

"ते आमचे आबा," ती म्हणाली. "पहाऱ्यावर आहेत."

तीन वाजून दहा मिनिटांनी सत्यमचा निरोप आला की सही झाली, बदल केला, आता हजेरी आपोआप जाईल, बटण सोडा.

सखारामने बटण सोडलं नाही. "नवीन मानूस हाये. पयल्या दिशी झोपतो."

त्याने पाटावरूनच, उंबऱ्यात स्पीकर लावून ठेवलेल्या मोबाइलवर सत्यमला विचारलं की नवा माणूस ओरडतोय हे कळायचं कसं. सत्यमने सांगितलं, कोपऱ्यातला ठिपका दर वेळी एकदा लुकलुकेल. सखारामने माउसवरून हात उचलला आणि मोजलं. वीसला ठिपका लुकलुकला. पुन्हा मोजलं. वीस. असं त्याने पंधरा वेळा मोजलं आणि ठिपका एकदाही बिडी प्यायला गेला नाही. मध्ये एक फोन आला, लांबलचक सामसुमीनंतरचा. वाजला.

सहा वाजता राजेश्वरीचा दोन ओळींचा निरोप आला. पाठवलेले एकवीस, घेतलेले एकवीस. घरून काम पक्कं.

सखारामने वही पुढे ओढून शेवटची नोंद केली. चार्ज दिला, तीन वाजून पंचवीस. खाली सही केली. मग "चार्ज घेतला" असं लिहून वही सुनेपुढे धरली. "नव्या मानसाला हात न्हाईत. त्याच्या बदली तू कर सही."

प्रतीक्षाने सही केली. मग पेन तसाच धरून म्हणाली, "आबा, सोमवारी तो इंटरनेटवाला येईल. तो परत विचारेल."

"इचारू दे."

"मी आत असेन कदाचित. काय सांगाल?"

सखारामने डब्याकडे बघितलं. हिरवे दिवे आपल्या जागी होते. त्याने मिशी चावायला घेतली, आणि भामाबाई बघतेय हे बघून सोडून दिली.

"सांगीन, सुनंला इचार," तो म्हणाला. "मी रिटायर मानूस हाये."

तेवढ्यात अंगणातून भिमाजी आला. तळेगावाहून एसटी, फाट्यावरून चालत. आल्या आल्या तो आपल्या जिन्याकडे गेला, वाकला, बोटाने मातीतली खालची पायरी उकरली, आणि तिथूनच ओरडला, "सतरा! येऊन बघा, सतरा!"

प्रतीक्षा यशोधराला कडेवर घेऊन मोजायला निघाली. पाटाशेजारी सकाळचा गार चहा होता, तो सखारामने एका घोटात संपवला, आणि तिच्या मागोमाग अंगणात उतरला.